तुमचे प्रश्न: ‘घराबाहेर जातच नाही, मग लस कशाला?’

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये अर्ध्याहून जास्त प्रश्न कुत्र्या-मांजरांच्या लसींचेच आहेत. पाऊस सुरू झाला की दवाखान्यात आजारी पिल्लं यायला लागतात आणि मग आजूबाजूचे सगळे आपापल्या घरातली लसीची कार्डं शोधायला लागतात, दरवर्षीचं आहे हे. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्यात बाकीच्यांच्याही शंका येऊन जातील असे थोडे निवडलेत.

प्रश्न: डॉक्टर, आमचं लॅब्रॅडोरचं पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. ज्यांच्याकडून घेतलं ते म्हणाले पहिली लस झालीय, कार्डवर तारीख पण टाकलीय. आता आमच्या इथले डॉक्टर म्हणतात अजून दोन डोस लागतील आणि शिवाय रेबीजचा वेगळा. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, पिल्लू घराबाहेर जातच नाही, मग इतक्या सुया कशाला? एकदा दिलेली लस पुरत नाही का?
— एक वाचक, वाकड

उत्तर: दादा, तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत, पण का ते समजलं की सुयांचं एवढं वाईट वाटणार नाही. गाय व्यायली की पहिले दोन-तीन दिवस चीक येतो ना, ज्याचा आपण खरवस करतो, तसंच कुत्रीचं पहिलं दूध असतं आणि त्यातून पिल्लाला आईच्या अँटिबॉडीज मिळतात. पहिले काही आठवडे पिल्लू त्यांच्याच जिवावर टिकतं. गोची अशी की या आईच्या अँटिबॉडीज बाहेरून दिलेल्या लसीला पण शत्रूच समजतात आणि तिला कामच करू देत नाहीत. त्या कधी संपतात ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, कुणाच्या आठव्या आठवड्यात संपतात, कुणाच्या बाराव्या, कुणाच्या सोळाव्या, एकाच वेतातल्या दोन भावंडांत पण फरक असतो. बाहेरून बघून ते कळत नाही, म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून दर 3-4 आठवड्यांनी डोस द्यायचा आणि शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावरच पडला पाहिजे. खूप जण पहिले दोन डोस उत्साहाने करतात आणि तिसरा राहून जातो, आणि बऱ्याच पिल्लांना नेमका तोच लागू पडणारा असतो. रेबीजची लस 3 महिने पूर्ण झाल्यावर, नंतर एक वर्षाने बूस्टर आणि पुढे दरवर्षी.

आता चौथ्या मजल्याचं. ही लस ज्यापासून वाचवते त्यातला एक जीवघेणा आजार म्हणजे पार्व्हो, त्याचा विषाणू कुत्र्याच्या विष्ठेतून पडतो आणि मातीत, फरशीवर, कोपऱ्याकापऱ्यात कित्येक महिने तग धरून राहतो. तुमचं पिल्लू खाली जात नसेल पण तुमच्या चपला जातात, मुलांची सायकल जाते, भाजीची पिशवी जमिनीवर टेकते. लिफ्टमधून जी कुत्री येजा करतात त्यांचे पाय असतातच. आणि आपण रोज ज्या फिनाईलने पुसतो त्याने हा विषाणू मरत नाही, त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आधी घाण साफ करायची मग हे पाणी टाकून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. पिल्लू खाणं सोडतं, उलट्या, मग रक्ताचे जुलाब, तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. लागण झाल्यावर साधारण 3 ते 7 दिवसांत हे सगळं सुरू होतं. विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नाही, सलाईन लावून, उलट्या थांबवून, दुसरं इन्फेक्शन होऊ न देता पिल्लाला तगवायचं एवढंच हातात असतं. वेळेत आणलं तर बरीच वाचतात, उपचार मिळालेच नाहीत तर बहुतेक जातात.

मागच्या पावसाळ्यात एक कॉलेजचा मुलगा असंच पिल्लू घेऊन आला होता, पस्तीस दिवसांचं असताना विकत घेतलेलं, कार्डवर दोन लसींच्या तारखा व्यवस्थित लिहिलेल्या पण एकही स्टिकर नाही, सही नाही. चार रात्री तो मुलगा दवाखान्याच्या बाकावर बसून होता, सलाईनची नळी त्या इवल्याशा पायातून निसटू नये म्हणून पाय हातात धरून. पाचव्या दिवशी पहाटे पिल्लू गेलं. त्याने मला फक्त एवढंच विचारलं की मॅडम, कार्डवर तर लिहिलं होतं ना. मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

म्हणून तुमचं कार्ड आत्ता काढून बघा. लसीच्या बाटलीवरचं छोटं स्टिकर कार्डवर चिकटवलेलं असतं, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी असते आणि शेजारी डॉक्टरांची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर. हे नसेल तर लस झालीच नाही असं धरून डॉक्टरांना नव्याने सुरू करायला सांगा, एक डोस जास्त झाला तर पिल्लाचं नुकसान होत नाही. लस 2 ते 8 डिग्रीमध्येच ठेवावी लागते, मेडिकलमधून आणून दोन तास गाडीच्या डिकीत फिरलेली लस टोचून घेण्यात काही अर्थ नाही. आणि नवीन पिल्लू घेणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते, 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, पस्तीस दिवसांचं गोंडस पिल्लू कुणी दाखवत असेल तर तिथून निघून या.

शेवटच्या डोसनंतर आठ-दहा दिवस जाईपर्यंत बागेत जमिनीवर सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका बरं का, कडेवर घेऊन खाली न्या, गाड्यांचे आवाज, माणसं, मुलं सगळं बघू दे, नाहीतर मोठं झाल्यावर ते प्रत्येक गोष्टीला घाबरतं.

प्रश्न: ताई, अर्जंट आहे. आमच्या गावाकडे घरचाच राखणीचा कुत्रा आहे, त्याने माझ्या सात वर्षांच्या पुतण्याच्या पोटरीला दात लावले, थोडं रक्त आलं. आईने तिखट आणि चुना लावला. कुत्रा व्यवस्थित खातोय पितोय, त्याला लस कधी दिलेली कुणालाच आठवत नाही. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं असं ऐकलंय, तोपर्यंत थांबलं तर चालेल ना?
— एक वाचक, वाई तालुका

उत्तर: या दादांना मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि मुलगा त्याच रात्री ग्रामीण रुग्णालयात गेला, त्याची इंजेक्शनं सुरू आहेत. तरी इथे लिहितेय कारण असे मेसेज मला दर महिन्याला येतात आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो.

थांबायचं नाही. दहा दिवस लक्ष ठेवायचं हे खरंय पण ते लस सुरू करून, लसीच्या ऐवजी नाही. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू त्याची लक्षणं दिसायच्या थोडे दिवस आधीपासून असतो, म्हणजे चावला तेव्हा लाळेत विषाणू असेल तर तो कुत्रा दहा दिवसांत आजारी पडतो, मरतो. दहा दिवसांनी तो ठणठणीत असेल तर डॉक्टर पुढचे डोस थांबवायचे का ते ठरवतील. पण पहिला डोस आजच. माणसात एकदा रेबीजची लक्षणं दिसायला लागली की त्यावर इलाज नाही, जगात कुठेच नाही. आणि ‘घरचाच आहे’ म्हणून काही बदलत नाही, घरचा कुत्रा रात्री शेतात कुणाशी भांडून आला ते आपल्याला कुठे माहीत असतं.

चावल्या चावल्या जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. नुसत्या या धुण्याने विषाणू खूप कमी होतो. तिखट, चुना, हळद, माती काही लावायचं नाही, त्याने जखम अजून चिडते आणि विषाणूला आत जायला मदतच होते, आधीच लावलं असेल तर धुऊन काढा. टाके घालायची घाई नको. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, दंडावर चामडीत देतात, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिन किंवा सीरम, म्हणजे तयार अँटिबॉडीज, पण द्यावं लागतं, ते आहे का असं स्पष्ट विचारायचं आणि नसेल तर जिल्हा रुग्णालयात जायचं. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही भीती आपल्या आई-आजीच्या काळातली, ती पद्धत बंद होऊन 20 वर्षं झाली, पण त्या भीतीने अजून लोक दवाखाना टाळतात याचं फार वाईट वाटतं.

आणि कुत्र्याचं बघा. वर्षातून एक सुई, तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात अगदी थोड्या पैशात होते, 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन, तेव्हा ठिकठिकाणी मोफत शिबिरं असतात. शेजारच्या गोव्यात मिशन रेबीज या संस्थेने आणि सरकारने मिळून वर्षानुवर्षं गल्लोगल्ली जाळी घेऊन फिरून भटक्या आणि पाळीव कुत्र्यांना लसी दिल्या आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. कुत्र्यांना टोचून माणसं वाचली, इतकं सरळ आहे ते.

गावाकडच्यांसाठी अजून एक, गाई-म्हशींना पण रेबीज होतो. गाय लाळ गाळतेय, गिळत नाहीये, आवाज बदललाय असं दिसलं की आपण घशात काहीतरी अडकलं म्हणून बिनधास्त हात घालतो. प्लीज असा हात घालू नका, आधी डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न: आमच्या पग कुत्र्याला लस दिली आणि अर्ध्या तासात त्याचं तोंड सुजलं, डोळे पण. डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर उतरलं. आता पुढच्या वर्षी लस द्यायची भीती वाटते, बंद करू का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: घाबरलात ते साहजिक आहे. ही ॲलर्जी आहे, थोड्या कुत्र्यांना होते. बंद करू नका, पण कार्डवर लाल पेनाने लिहून ठेवा की कोणत्या लसीने, किती वेळात, काय झालं. पुढच्या वेळी डॉक्टर आधी ॲलर्जीचं औषध देऊ शकतात, सगळ्या लसी एकाच दिवशी न देता वेगवेगळ्या दिवशी देता येतात, किंवा दुसऱ्या कंपनीची लस बघता येते. सकाळची वेळ घ्या आणि तासभर तिथेच बसा. बाकी सगळ्यांनी पण लस झाल्यावर वीस मिनिटं-अर्धा तास थांबायची सवय लावा. एखादा दिवस सुस्त राहणं, सुई टोचलेल्या जागी दुखणं हे नॉर्मल आहे; तोंड सुजणं, सारख्या उलट्या, धाप लागणं हे नाही, लगेच परत जा.

प्रश्न: आमची मनी दोन वर्षांची, बाल्कनीला जाळी आहे, कधीच बाहेर गेलेली नाही. मांजरांना पण लस असते हे मला आत्ता कळलं. खरंच गरज आहे का? आणि तिच्या अंगावर पिसवा दिसतायत तर आमच्या टॉमीचं मानेवर टाकायचं औषध थोडं तिला टाकू का?
— एक ताई, डोंबिवली

उत्तर: ताई, दुसऱ्याचं आधी. अजिबात टाकू नका! कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला झटके आणतं, जीव जाऊ शकतो. मांजराचं वेगळं मिळतं, वजनाप्रमाणे, ते आणा. आणि टॉमीला ते लावल्यावर पूर्ण वाळेपर्यंत मनीला त्याच्या अंगाला अंग घासू देऊ नका. तसंच मांजराला ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, अर्धी गोळी पण विष आहे तिला.

लस हवी. मांजरांची तिहेरी लस असते, त्यातला पॅनल्युकोपेनिया हा पार्व्होचाच भाऊबंद आहे आणि वर वाकडच्या दादांना सांगितलं तसाच चपलांवरून घरात येतो, शिवाय तुमच्याकडे टॉमी रोज खाली जाऊन येतोच. बाकी दोन सर्दीचे विषाणू, नाक गळणं, डोळे चिकटणं, तोंडात फोड. मोठ्या मांजराला 3-4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि रेबीजचा एक. जाळी असली तरी दार कधीतरी उघडं राहतंच. मांजर आजार फार लपवतं, म्हणून वर्षातून एकदा वजन करून घ्या आणि पाणी जास्त पितेय का, तिच्या शी-शूच्या मातीत मोठे मोठे ओले गोळे होतायत का एवढं बघत राहा, किडनीचं पहिलं लक्षण तिथे दिसतं.

प्रश्न: कुत्र्याला सेव्हन इन वन द्यावी की नाइन इन वन? आणि दरवर्षी द्यावीच लागते का, इंटरनेटवर तीन वर्षांनी चालते असं वाचलं.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: चांगला प्रश्न, आणि तुम्ही वाचलंत ते अर्धं बरोबर आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, हेपटायटिस या तिघांसाठी पिल्लूपणीचे डोस आणि नंतरचा बूस्टर नीट झाला असेल तर संरक्षण बरीच वर्षं टिकतं, जागतिक मार्गदर्शक सूचना पण मोठ्या कुत्र्यात तीन वर्षांपेक्षा लवकर द्यायची गरज नाही म्हणतात. पण लेप्टोचं तसं नाही. ते संरक्षण साधारण वर्षभरच, पहिल्यांदा 2-4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी. आणि तुम्ही राहता चिपळूणला! लेप्टो म्हणजे उंदराच्या मूत्रातून पाण्यात, चिखलात आलेले जिवाणू. जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, कोकणात भातलावणीच्या दिवसांत आरोग्य खातं दरवर्षी सांगत असतं की पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि जुलै 2021 मध्ये तुमच्या गावाने किती पाणी बघितलं ते मी काय सांगू. सेव्हन, नाइन, टेन या आकड्यांत फरक मुख्यतः लेप्टोचे किती प्रकार आत आहेत याचा असतो, त्यामुळे तुमच्याकडे जास्त प्रकारांची घ्या, मे महिन्यात, पावसाच्या आधी. लसीत नसलेल्या प्रकाराने आजार होऊ शकतो हे पण लक्षात ठेवा. ताप, उलट्या, डोळे पिवळे, गडद लघवी असं दिसलं तर थांबू नका, आणि त्याची लघवी पुसताना हातमोजे घाला कारण ते तुम्हालाही होतं.

गोचीडताप मात्र यातल्या कुठल्याच लसीत नाही! लस पूर्ण आहे मग प्लेटलेट कशा उतरल्या असं दवाखान्यात रोज कुणीतरी विचारतं. त्याला गोचिडाची गोळी किंवा मानेवरचं औषध, वेळच्या वेळी, बाराही महिने.

प्रश्न: आमची पॉमेरियन राणी 9 वर्षांची आहे, आजवर एकदाही आजारी पडली नाही. लस वर्षाला करतो. पण डॉक्टर आता सहा महिन्यांनी चेकअपला बोलावतात, दहा मिनिटं कान-दात बघतात आणि फी घेतात. रक्ताची टेस्ट पण सांगितलीय. खरंच गरज आहे का, की उगाच?
— एक काका, सांगली

उत्तर: काका, त्या दहा मिनिटांत काय चालतं ते सांगते. मी हिरड्या बघते तेव्हा रंग आणि दातांवरची कीट दोन्ही बघत असते, या छोट्या जातींचे दात आठ-नऊ वर्षांपर्यंत इतके खराब होतात की मुळाशी पू असतो आणि तरी कुत्री जेवत असते, एका बाजूने चावून. छातीला स्टेथोस्कोप लावते तो मुख्यतः झडपेच्या आवाजासाठी, पॉमेरियनमध्ये म्हातारपणी हृदयाची झडप गळायला लागणं खूप कॉमन आहे आणि खोकला सुरू व्हायच्या कितीतरी आधी तो आवाज ऐकू येतो. मानेखालच्या, काखेतल्या गाठी चाचपते, पोट चाचपते, आणि राणीसारख्या मादीचे सगळे सड एकेक करून, कारण गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असताना काढणं आणि लिंबाएवढी झाल्यावर काढणं यात फार फरक आहे.

आणि वजन. 3 किलोच्या कुत्रीचं 300 ग्रॅम वजन उतरलं तर तुम्हाला उचलताना कळणार पण नाही, पण 60 किलोच्या माणसाचं 6 किलो उतरल्यासारखं आहे ते. सहा महिन्यांपूर्वीचा आकडा कार्डवर असेल तरच ते लक्षात येतं. सातनंतर सहा महिन्यांनी बोलावतात ते याचसाठी, कुत्र्याचं वय आपल्यापेक्षा खूप भरभर पुढे जातं, त्यांचे सहा महिने म्हणजे आपली काही वर्षं. रक्त-लघवीची टेस्ट वर्षातून एकदा करा, किडनीचं बरंचसं काम संपल्याशिवाय रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढतच नाही, म्हणून लघवी पण तपासायची.

तुम्ही लिहिलं नाहीत पण राणीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर हे नीट वाचा. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी प्यायला लागली, खाणं कमी झालं, मागून पू-रक्त दिसलं किंवा काहीच न दिसता नुसतं पोट फुगलं, तर त्याच दिवशी न्या, गर्भाशयात पू झालेला असू शकतो. मागच्याच महिन्यात एक अशीच दहा वर्षांची आली होती, घरचे म्हणाले उन्हामुळे पाणी पितेय. सोनोग्राफी केली, तासाभरात ऑपरेशनला घेतली, वाचली. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर मला सांगता आलं नसतं.

फी जड जात असेल तर मोकळेपणाने डॉक्टरांना सांगा, कुठली टेस्ट आधी आणि कुठली नंतर केली तर चालेल ते आम्ही सांगू शकतो. पशुवैद्यकीय कॉलेजांच्या दवाखान्यांत, परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि तुम्हाला त्यातल्या त्यात जवळचं शिरवळ, तिथे सहसा खाजगीपेक्षा कमी खर्चात तपासण्या होतात.

प्रश्न: मॅम, नोकरीसाठी डिसेंबरमध्ये जर्मनीला शिफ्ट होतेय, माझा इंडी डॉग सोबत न्यायचाय. रेबीज व्हॅक्सिन फेब्रुवारीत झालंय, मायक्रोचिप मागच्या आठवड्यात बसवली. एवढं पुरेल ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर: नाही गं, आणि बरं झालं आत्ताच विचारलंस. युरोपियन युनियनचा नियम असा आहे की चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, उलट झालं तर ती लस धरतच नाहीत. म्हणजे तुला आता पुन्हा लस द्यावी लागेल, त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढून त्यांनी मान्यता दिलेल्या लॅबमध्ये अँटिबॉडीजची तपासणी, आकडा किमान 0.5 यायला हवा, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून 3 महिने थांबून मगच प्रवास. सगळे मिळून चार महिने झाले, त्यामुळे या आठवड्यातच लस करून घे. निघायच्या आधी मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं, ते तिथे पोचायच्या आधी दहा दिवसांच्या आतलं असावं. पुढचा बूस्टर लसीची मुदत संपायच्या आत द्यायचा, एक दिवस जरी उशीर झाला तरी रक्ताच्या तपासणीपासून सगळं परत करावं लागतं. आणि रक्त काढायला जाशील तेव्हा स्कॅनरने चिप वाचून घे, तो 15 आकडी नंबर कार्डवर आणि लॅबच्या फॉर्मवर एकच आहे ना ते तिथेच उभं राहून आकडा न् आकडा ताडून बघ.